शंभरावर अडकलेली लाईन

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझ्या मेहुण्याचा फोटो स्टुडिओ आहे. खाली काउंटर आणि शूटिंगची खोली, वर एडिटिंगची टेबलं. लग्नसराईत एका लग्नाचं फुटेज साठ जीबीच्या पुढेच जातं. ते खालच्या कॉम्प्युटरवरून वरच्या नासवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या हार्डडिस्कच्या डब्यावर, चढवायला दीड तास लागायचा. "दाजी, नेट स्लो आहे, कंपनी बदलू का?" असं तो मला बरेच दिवस विचारत होता. खालून वर फाईल पाठवताना इंटरनेटचा संबंधच येत नाही, हे सांगून मी थकलो होतो. शेवटी एकदा त्याने कॉपी चालू असतानाचा स्क्रीनचा फोटो पाठवला. सेकंदाला ११.२ एमबी.

हा आकडा ओळखीचा आहे. १०० मेगाबिटला आठाने भागलं की साडेबारा मेगाबाइट येतात, त्यातून फ्रेमचा, म्हणजे डेटा ज्या पाकिटांत बांधून जातो त्यांचा, आणि प्रोटोकॉलचा खर्च वजा जाता अकरा-साडेअकरा हाती पडतात. डिस्क मंद असती तर आकडा वरखाली झाला असता. अकरावर मांडी ठोकून बसलेला आकडा म्हणजे लाईनच शंभरावर चालली आहे. कॉम्प्युटरचं पोर्ट गिगाबिटचं, म्हणजे हजार मेगाबिटचं. स्विच, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन जुळतात तो डबा, तोही गिगाबिटचा, नासही गिगाबिटचा. मधे उरली केबल. पुढच्या सुट्टीत क्रिंपर, पंचिंग टूल आणि मल्टिमीटर पिशवीत टाकून साताऱ्याला गेलो.

माझं काम हार्डवेअरचं. बोर्डवर इथरनेटची, म्हणजे केबलवरून कॉम्प्युटर एकमेकांना जोडायच्या पद्धतीची, चिप बसवायची आणि ती नीट चालते का ते तपासायचं, हा रोजच्या पोटापाण्याचा भाग. पण तिथे केबल असते दोन मीटरची, नवी कोरी, टेबलावर सरळ पडलेली. भिंतीतून, पाइपातून, केसिंग-पट्टीतून फिरलेली केबल काय काय सोसते ते तिथे बसून कळत नाही.

गिगाबिटची मजा अशी की ते आलं तेव्हा जगभरातल्या ऑफिसांच्या भिंतींत कॅट-५ केबल आधीच पडलेली होती. ती १०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या सिग्नलसाठी तपासलेली. नव्या वेगासाठी भिंती फोडायला कोण तयार होणार? त्यामुळे १९९९ साली आयईईई या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ८०२.३एबी हे गिगाबिटचं मानक मंजूर केलं तेव्हा अट हीच होती की तांबं तेच, लांबी तीच, १०० मीटर, आणि डेटा मात्र दहापट. आधीच्या शंभराच्या इथरनेटमध्ये आठांपैकी चारच तारा कामाला होत्या: १ आणि २ वरून पाठवायचं, ३ आणि ६ वरून घ्यायचं. उरलेल्या चार तारा नुसत्या सोबतीला. तारेवर सेकंदाला साडेबारा कोटी चिन्हं जात. गिगाबिटमध्येही तारेवर साडेबारा कोटीच चिन्हं जातात, एकही जास्त नाही. फरक पडतो तो असा, की आठ तारांच्या, दोन-दोन पिळून केलेल्या, चारही जोड्या कामाला लागतात आणि एकेका चिन्हात दोन बिट बसवले जातात. साडेबारा कोटी गुणिले दोन गुणिले चार, बरोबर १०० कोटी. आणि हे सगळं प्रत्येक जोडीवर दोन्ही दिशांनी, एकाच वेळी.

म्हणजे शंभराला आठांपैकी चार तारा पुरतात, हजाराला आठही लागतात. माझ्या मेहुण्याच्या दुकानातली अर्धी भानगड या एका वाक्यात होती.

सोबतीला दुकानाचा नेहमीचा वायरमन होता, सगळे त्याला मामा म्हणतात. त्याच्याकडे आठ दिव्यांचा साधा टेस्टर होता. काउंटरच्या लाईनला लावला. एक ते सहा दिवे ओळीने पेटले, सात आणि आठ पेटले नाहीत. मामा निवांत. "सात-आठ नाय आले तरी चालतंय की साहेब. त्या एक्स्ट्रा असतात. नेट चालू आहे ना?" मामांचं चूक नव्हतं. शंभराच्या जमान्यात ते अगदी खरं होतं. उरलेल्या चार तारांवर कुणी इंटरकॉम चालवायचा, कुणी एकाच केबलमधून दोन कॉम्प्युटरना लाईन द्यायचा. अशा लाईनी गावोगाव अजून जिवंत आहेत.

मला उत्सुकता होती की तार तुटली कुठे. स्विच जरा बऱ्यापैकी होता, त्याच्या सेटिंगच्या पानावर केबल तपासायची सोय होती. ती सोय अशी चालते: स्विचची चिप प्रत्येक जोडीवर एक छोटा ठोका सोडते आणि परत येणारा पडसाद ऐकत बसते. तार धड असेल आणि पलीकडचं टोक जोडलेलं असेल तर पडसाद येत नाही. तुटलेली असेल तर तुटक्या टोकावर आपटून ठोका माघारी येतो. तांब्याच्या केबलमध्ये सिग्नलला मीटरभर जायला साधारण पाच नॅनोसेकंद लागतात, त्यामुळे जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर निघतं. पानावर आलं: तीन जोड्या ठीक, चौथी उघडी, १४ मीटर.

टेप घेऊन स्विचपासून पट्टीच्या कडेकडेने मोजत निघालो. जिना उतरलो, वळण घेतलं, शूटिंगच्या खोलीच्या भिंतीवर आलो. चौदाच्या आसपास एका नवरा-नवरीची तीन फुटी फ्रेम टांगलेली. फ्रेम उतरवली तर खिळा थेट केसिंग-पट्टीच्या मधोमध गेलेला. पट्टीचं झाकण काढलं. खिळ्याने केबलचं आवरण फोडून सात-आठच्या, म्हणजे चॉकलेटी जोडीच्या दोन्ही तारा कापल्या होत्या, शेजारच्या हिरव्या तारेला नुसता ओरखडा. अर्धा मिलिमीटर तार ती, खिळा दोन केस इकडे सरकला असता तर लाईन पूर्ण बंद पडली असती आणि दोष त्याच दिवशी सापडला असता. "दाजी, तो खिळा मीच ठोकलाय. दिवाळीच्या आधी," मेहुणा म्हणाला.

मग प्रश्न असा, की चौथी जोडी तुटलेली असताना कुणी काही तक्रार का केली नाही? ना स्विचने, ना कॉम्प्युटरने. कारण जोडणी होण्याआधी दोन्ही टोकं आपापली कुवत एकमेकांना सांगतात, आणि ही बोलणी होतात जुन्या दोन जोड्यांवरूनच, १-२ आणि ३-६ वरून. त्या जोड्या शाबूत होत्या. एकाने सांगितलं, मी हजार चालवतो. दुसऱ्याने सांगितलं, मीही. ठरलं. कुणाचं घड्याळ प्रमाण धरायचं तेही याच बोलणीत ठरतं: एक टोक मास्टर, दुसरं त्याच्या ठोक्याला ठोका जुळवणारं. गिगाबिटला ही बोलणी टाळताच येत नाही ती यासाठीच. त्यानंतर चारही जोड्यांवर सराव सुरू होतो, आणि तिथे चॉकलेटी जोडी मुकी. सराव फसतो, पुन्हा बोलणी, पुन्हा सराव. थोड्या वेळाने चिप हजाराचा नाद सोडते आणि मुकाट्याने शंभरावर लाईन चालू करते. चिपच्या माहितीपत्रकात याला डाउनशिफ्ट म्हणतात. वापरणाऱ्याला दिसतं काय, तर हिरव्याऐवजी केशरी दिवा. तोही कुणी बघत नाही, स्विच कपाटावर असतो.

या डाउनशिफ्टबद्दल माझं मत फारसं बरं नाही. दुकानदाराच्या दृष्टीने ती सोय आहे, धंदा बंद पडत नाही. पण दोष वर्षानुवर्षं झाकून ठेवायची याहून सोपी युक्ती नाही. आम्ही टेबलावर चिप तपासताना ती सोय आधी बंद करतो, लाईन पडायची असेल तर पडू दे, निदान कळेल तरी.

तुटक्या जागी तारा पिळून, टेप गुंडाळून लाईन चालू करायची मामांची तयारी होती. मी नको म्हटलं. जुन्या केबलच्याच टोकाला नवी केबल बांधून पट्टीतून ओढून घेतली. जोराने ओढलं की आतले पीळ ताणले जातात, म्हणून एकाने ढकलायचं आणि दुसऱ्याने अलगद घ्यायचं. बाजारात आता कॅट-६ सहज मिळते, म्हणून तीच घेतली; गिगाबिटला कॅट-५ई पुरते. ऑनलाइन दुकानांत कॅट-७ आणि कॅट-८ असं छापलेल्या चपट्या वायरी शंभर-दोनशे रुपयांना मिळतात, त्यांच्या वाटेला कुणी जाऊ नये.

वरच्या पहिल्या टेबलाची लाईन मात्र वेगळंच प्रकरण निघालं. ती कधी हजारावर असायची, कधी शंभरावर. तिथे बसणारा मुलगा म्हणाला, सकाळी पळते, मग कधी मधेच दोन सेकंद सगळं गोठतं. मामांनी टेस्टर लावला आणि आठही दिवे ओळीने पेटले. "बघा साहेब, ही लाईन एकदम क्लिअर." स्विचच्या पानावर चारही जोड्या ठीक. पण मोठी फाईल कॉपीला लावून त्याच पानावर चुकलेल्या फ्रेमचा आकडा बघत बसलो, तर तो मिनिटागणिक चढत होता. निरोगी लाईनवर तो शून्यावर असतो.

आयओ बॉक्स, म्हणजे भिंतीवरचा सॉकेटचा डबा, उघडल्यावर कारण दिसलं. लाईन टाकणाऱ्याने रंग आपल्या मनाने, बघायला नीट दिसतील असे लावले होते: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. दोन्ही टोकांना तसंच. त्यामुळे एकची तार एकला आणि आठची आठला पोचत होती आणि टेस्टर खूश होता. तो एकेका तारेत वीज सोडून दिवा पेटवतो, कुठली तार कुणाशी पिळलेली आहे हे त्याला कळायचा मार्गच नाही. चिपच्या लेखी मात्र तिसरी आणि सहावी तार मिळून एक जोडी, चौथी आणि पाचवी मिळून दुसरी. इथे तिसऱ्यावर पांढरा-हिरवा आणि सहाव्यावर निळा. या दोघांचा एकमेकांशी पीळच नाही. उलट तिसरी तार पिळलेली चौथीशी, म्हणजे दुसऱ्या जोडीतल्या तारेशी. एका जोडीचं बोलणं दुसरीत पाझरावं म्हणून मुद्दाम ठरवून केलं असतं तरी याहून चांगलं जमलं नसतं.

पीळ इतका महत्त्वाचा का, हे गिगाबिटमध्ये फार चटकन कळतं. जोडीतल्या दोन तारांवर उलटसुलट सिग्नल असतो आणि घेणारा फक्त दोघांतला फरक वाचतो. बाहेरची खरखर पिळामुळे दोघांवर सारखीच पडते आणि फरकातून उडून जाते. आता या एका जोडीवर स्वतःची चिप बोलते आहे, त्याच वेळी पलीकडची चिपही बोलते आहे. जुन्या लँडलाइनच्या दोन तारांवर आपण बोलायचो आणि ऐकायचो तेव्हा आपलाच आवाज आपल्या कानातून वजा करणारं हायब्रिड नावाचं सर्किट फोनमध्ये असायचं. इथेही तोच हायब्रिड आहे, पण त्याने भागत नाही. आपण पाठवलेला सिग्नल केबलच्या प्रत्येक सांध्यावर थोडा थोडा परत फिरतो, त्याचा पडसाद. शेजारच्या तीन जोड्यांवर आपणच पाठवत असलेल्या सिग्नलची या टोकाची गळती. त्याच तीन जोड्यांवर पलीकडून येणाऱ्याची गळती. चिपमधलं गणित हे सगळं सतत मोजत असतं आणि आलेल्या सिग्नलमधून वजा करत असतं. सुरुवातीचा तो सराव असतो तो याचसाठी, या विशिष्ट केबलचा स्वभाव शिकून घ्यायला. गिगाबिटचं पोर्ट जोडल्यावर दिवा लागायला जरा उशीर होतो, त्यातला काही वेळ इथे जातो.

कामाच्या ठिकाणी नवी पोरं चालू गिगाबिट लाईनवर ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावतात आणि निराश होतात. पुस्तकात पाच पातळ्या काढलेल्या असतात: अधिक एक व्होल्ट, अधिक अर्धा, शून्य, उणे अर्धा, उणे एक. स्कोपवर दिसतो नुसता जाड, केसाळ पट्टा. दोन्ही दिशांचे सिग्नल एकाच जोडीवर एकमेकांत मिसळलेले असतात, ते डोळ्याने वेगळे होणार कसे? पाठवणाऱ्याची लाट स्वच्छ बघायची असेल तर चिपच्या नऊ नंबरच्या रजिस्टरमध्ये लिहून ती टेस्ट मोडमध्ये टाकावी लागते.

दोन बिटांना चारच पातळ्या पुरतात, मग पाचवी कशाला? एका ठोक्याला चार जोड्यांवर मिळून ५ × ५ × ५ × ५, म्हणजे ६२५ प्रकार होऊ शकतात. एक बाइट पाठवायला २५६ लागतात. मानकाने बाइटसाठी दुप्पट, ५१२ वापरले आणि कुठल्यामागून कुठला येऊ शकतो याचा नियम घातला. घेणाऱ्याला एखादं चिन्ह अंधुक वाचलं गेलं तरी मागच्यापुढच्यावरून तो अशक्य वाटा बाद करतो. उरलेल्यांतले काही फ्रेम कुठे सुरू झाली, कुठे संपली अशा खुणांना वापरले. शंभराच्या लाईनवर तीनच पातळ्या होत्या. तीनाच्या पाच केल्यावर दोन पातळ्यांमधलं अंतर निम्मं झालं, म्हणजे ६ डेसिबलचा तोटा. तो या नियमाने जवळजवळ भरून निघतो. मला हा हिशेब फार आवडतो. तांब्याकडे हात लावायची मुभा नसताना माणसांनी गणितातून तेवढी जागा काढली.

पण गणितालाही मर्यादा आहे. पीळच चुकीचा असेल तर गळती इतकी येते की वजा करून उरणारा सिग्नल काठावरचा असतो. म्हणून ती लाईन कधी चालायची, कधी नाही.

दोन्ही टोकांचं पंचिंग पुन्हा केलं. आवरण इंच-दीड इंच सोललं की चार जोड्यांचा पीळ उघडा पडतो. नीट बघितलं तर चारही पीळ वेगवेगळे असतात, एका जोडीचा घट्ट, दुसरीचा सैल. सारखे असते तर शेजारच्या जोड्या प्रत्येक वेढ्याला एकमेकींच्या समोरासमोर आल्या असत्या. तारा सरळ करताना मामांनी सवयीने तो सगळाच पीळ मोडला, काम करायला सोपं जातं म्हणून. मी अंगठ्याचं नख दाखवलं: १३ मिलिमीटर, यापेक्षा जास्त पीळ मोडायचा नाही. टी-५६८बी हा रंगांचा ठरलेला क्रम लावला. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. हिरव्या जोडीने निळीला दोन्ही बाजूंनी कवेत घ्यायचं हे विचित्र वाटतं, मामांनाही वाटलं. मधल्या दोन पिना टेलिफोनच्या होत्या, फोनची अरुंद पिन याच जॅकच्या मध्यावर बसावी म्हणून ही तडजोड. पंचिंग टूलचा टक् असा आवाज आला की तार कापली जाते आणि बसतेही. लाईन हजारावर आली, तासभर कॉपी चालवली, चुकलेल्या फ्रेमचा आकडा शून्य.

गच्चीवरच्या कॅमेऱ्याची लाईन हे माझ्या कामात नव्हतं, पण मेहुण्याने सहज सांगितलं की रात्री कॅमेरा आपोआप बंद-चालू होतो. कॅमेऱ्याला वीज याच केबलमधून जाते. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची ओढ वाढते आणि पलीकडे व्होल्टेज कमी पडतं. केबल सुमारे चाळीस मीटर. एका टोकाला जोडी एकमेकांना टेकवली आणि दुसऱ्या टोकाने मीटर लावला. तांब्याच्या तारेला साडेसहा-सात ओहम यायला हवे होते, आले दहाच्या वर. ब्लेडने तार खरवडली. वरून तांबूस, आतून चंदेरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. गंमत अशी की असल्या केबलवर डेटा बरेचदा चालून जातो, कारण इतक्या वेगाने बदलणारा प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगतच्या काही मायक्रॉनमधूनच वाहतो आणि तेवढं तांबं तिथे असतं. वीज पुरवायला मात्र आतलं सगळं लागतं. ती केबल काढून फेकून दिली. केबलचा नवा डबा घेताना मामांनी दुकानदारासमोरच ब्लेड काढून तार खरवडून बघितली.

शेवटी खालच्या कॉम्प्युटरवरून नासपर्यंत आयपर्फ हा लाईनचा वेग मोजायचा प्रोग्राम चालवला. ९४१ मेगाबिट. उरलेले ५९ कुठे गेले असं मेहुण्याने विचारलं. कुठे गेले नाहीत. १५०० बाइटच्या प्रत्येक पाकिटामागे तारेवर १५३८ बाइटची जागा लागते, पाकिटाच्या आत पुन्हा पत्त्यांचे मथळे. खरा माल १४४८ बाइट. भागाकार केला की ९४१ च येतो. साठ जीबीचं लग्न आता नऊ-दहा मिनिटांत चढतं.

एवढं झाल्यावर त्याला हुरूप आला. गल्लीपलीकडे त्याचं गोडाऊन आहे, तिथेही एक टेबल टाकायचंय, तर खांबावरून याच डब्यातली केबल ओढू का म्हणाला. अंतर सत्तर मीटर, मानकात बसतं. तरी मी नाही म्हटलं. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं, वरून साताऱ्याचा पाऊस आणि मेमधल्या वळवाच्या विजा. पोर्टमागचा ट्रान्सफॉर्मर दीड हजार व्होल्टचा झटका अडवतो, जवळपास वीज पडली तर तारेत त्याच्या कितीतरी पट येतं आणि दोन्हीकडचे स्विच जातात. तिथे फायबरच टाक म्हटलं, काच आहे, वीज वाहून नेत नाही. मामांना भाव काढायला सांगितलंय. तोवर गोडाऊनमधलं फुटेज पेनड्राइव्हमधून येतं.